खणातली अकरा पाकिटं

ऑर्लो हॅगनने टेबलाचा खण ओढला आणि आत हात घातला. फ्रिडा ऑस्टबीने त्याच्या बोटांवर लाकडी पट्टी हाणली.

"निरीक्षकाने बघायचं असतं, ऑर्लो. शिवायचं नसतं."

"मग बघतो की." बोटं चोखत, मान वाकडी करून त्याने मोजलं. "अकरा! मतदान काल संपलं, मोजणी आज चाललीय, आणि बाईसाहेबांच्या खणात मतांची अकरा पाकिटं झोपा काढतायत. कॉनी, तूही बघितलंस ना?"

कॉनी ग्रंथालयात काम करायची आणि इथे पलीकडच्या पक्षाची निरीक्षक म्हणून बसली होती. तिने विणकामातून डोकं वर काढलं.

"बघितलं. दर वेळी असतात."

"दर वेळी!" ऑर्लो खुर्चीत मागे टेकला. एवढी मोठी कबुली एवढ्या स्वस्तात मिळेल असं त्याला वाटलं नव्हतं.

पायपर क्रीक गावात असं म्हणायचे की ऑर्लोच्या कोंबडीने त्याच्या डोळ्यांदेखत अंडं दिलं तरी ते तिचंच कशावरून, असं तो विचारील. रेडिओवर सहा इंच बर्फ सांगितलं की हा फूटपट्टी घेऊन अंगणात जायचा आणि साडेपाच भरलं की आठवडाभर खुशीत असायचा. या निवडणुकीत तर त्याने कमाल केली होती. मतपत्रिका टपालाने घरी यायची; ती पाकिटात घालून, पाकिटावर सही करून लोक मतपेटीत टाकायचे. टपाल कचेरीपुढच्या मतपेटीसमोर घडीची खुर्ची टाकून तो तीन दिवस बसला, आणि जेवायला घरी जाताना हरणांच्या वाटेवर लावायचा कॅमेरा दिव्याच्या खांबाला बांधून गेला. कॅमेऱ्याने चारशे बारा फोटो काढले. त्यातले चारशे नऊ टपाल कचेरीच्या मांजराचे निघाले. उरलेल्या तिघांना ऑर्लोने घरी जाऊन जाब विचारला.

प्रश्न गावाच्या दृष्टीने जीवनमरणाचा होता. परसातल्या पिंपात कचरा जाळायला बंदी घालावी की नाही? ऑर्लोचा बाप त्या पिंपात जाळायचा, आजा जाळायचा. माणसाने स्वतःच्या परसात स्वतःचा कचरा पेटवायला चार जणांची परवानगी घ्यायची, तर उद्या शिंकायलाही अर्ज करावा लागेल. 'माझं पिंप, माझं परस' अशा पाट्या त्याने निम्म्या गावात उभ्या केल्या होत्या. बरोबरी झाली तर बंदी बारगळणार होती. एका मताने हरली तरी बारगळणार होती. पण एका मताने जिंकली तर पिंप गेलं, आणि पिंपाबरोबर सगळंच गेलं.

"ही अकरा कशासाठी?" त्याने विचारलं.

फ्रिडा गावच्या कचेरीत एकोणीस वर्षं क्लार्क होती. तिने चष्मा काढून पुसला.

"कुणी पाकिटावर सही करायला विसरतं. कुणाच्या सहीवर हरकत येते. त्यांना येऊन दुरुस्त करायला शुक्रवारी संध्याकाळी पाचपर्यंत मुदत असते. तशा पाकिटांना सोबत म्हणून ही मागे ठेवते. आत्ताही एक आहे, बिनसहीचं. पत्र पाठवलंय त्या माणसाला."

"कोण माणूस?"

"ते सांगायचा नियम नाही."

"आणि पाकिटांना सोबत द्यायचा नियम आहे? अंधाराची भीती वाटते का त्यांना?"

"नियम नाही. माझ्या आधी मिसेस ड्रमंड ठेवायची. तिच्या आधी कोण, ठाऊक नाही."

"नियमात नाही ना? मग काढ बाहेर. आत्ता. माझ्यासमोर."

"यातली चार राहू देत, ऑर्लो."

"एकही नाही."

फ्रिडाने अकरा पाकिटं टेबलावर मांडली, पत्ते मांडतात तशी. ऑर्लोने खिशातून भिंग काढलं. सकाळपासून साडेतीनशेवर सह्या त्याने नुसत्या डोळ्यांनी पाहिल्या होत्या. या अकरांना भिंगाचा मान मिळाला. सातव्या पाकिटावर भिंग थांबलं. नाव होतं लायल पेडिगो. सही म्हणजे नुसतं झुरळ शाईत बुडवून कागदावर सोडल्यासारखं काहीतरी.

"ही लायलची सही नाही."

"त्याचीच आहे," फ्रिडा म्हणाली.

"फ्रिडा, लायल पेडिगो! या गावातल्या प्रत्येक दुकानाची पाटी त्याने रंगवलीय. ती बघ खिडकीतून, बेकरीची. कोपऱ्यात त्याचं नाव आहे, शेपटी बघ कशी एका दमात ओढलीय. शिडीवर उभा राहून, एका हातात बिअर धरून ओढायचा. हे कुणीतरी डाव्या पायाने केलंय."

"मी सांगते ना, त्याचीच आहे."

"तुला कसं माहीत?"

फ्रिडाचे कान लाल झाले. ऑर्लोने ते मनात टिपून ठेवलं.

"माझी हरकत लिहून घे," तो म्हणाला.

तिने लिहून घेतली. बाकीची दहा उघडली, मोजली. दुपारी दीड वाजता तिने फळ्यावर आकडे लिहिले. बंदीच्या बाजूने एकशे अठ्ठ्याऐंशी, विरुद्ध एकशे अठ्ठ्याऐंशी. बाजूला एक बिनसहीचं पाकीट आणि एक लायलचं.

कॉनीने विणकाम पिशवीत टाकलं. "शाब्बास, ऑर्लो," ती म्हणाली. कौतुक म्हणून म्हणाली की कसं, ते घरापर्यंतच्या वाटेवर त्याला ठरवता आलं नाही.

*

अंगणात शिरताच तो स्वतःच्याच पाटीसमोर थांबला. गुडघ्यावर बसून त्याने अक्षरांच्या कडांवरून नख फिरवलं. कडा फारच स्वच्छ होत्या, चिकटपट्टी लावून रंगवलेल्या. लायल पट्टी लावणाऱ्यांना रंगारी म्हणायचाच नाही; त्यांना तो शिंपी म्हणायचा. लायलला रंगवायला सांगितलेल्या पाट्या आणून दिल्या होत्या त्याच्या मुलीने, कॅराने. लायल स्वतः आला नव्हता. आठवायला लागल्यावर ऑर्लोला आठवलं की लायल नाताळपासून कॅफेतही आलेला नाही. रोज सकाळी सहाला समोरासमोर बसून कॉफी पिणारा माणूस पाच महिने दिसला नाही, आणि आपण 'सर्दी असेल' म्हणून गप्प बसलो! ज्याने मांजराचे चारशे नऊ फोटो एकेक करून तपासले, त्याच्या नजरेतून हे सुटलं होतं. याचा त्याला राग आला, आणि तो राग त्याने कॅराच्या खाती टाकला.

सगळं कसं नीट बसत होतं. कॅरा दोन वर्षांपूर्वी शहरातून परतली, लेकीला घेऊन. शहरातली माणसं धुराला भितात. म्हातारा घरात, पडदे ओढलेले, आणि टपालाने आलेली मतपत्रिका स्वयंपाकघरातल्या टेबलावर.

पेडिगोंचं घर ऑर्लोच्या परसाच्या कुंपणाला लागून होतं. तरी तो रस्त्याने वळसा घालून पुढच्या दारी गेला. आरोप करायला मागच्या दाराने जाऊ नये.

कॅराने दार अर्धंच उघडलं.

"बाबा झोपलेत, ऑर्लोकाका."

"दुपारी?"

"दुपारी झोपायला तुमच्या पक्षाची बंदी आहे का?"

आतून खोकल्याचा आवाज आला. बारीक, लहान पोरीचा, आणि त्यापाठोपाठ वाफेच्या यंत्राची घरघर. ऑर्लोने तेही टिपून ठेवलं. हेतू सापडला होता.

"त्याच्या पाकिटावरची सही त्याची नाही," तो म्हणाला. "शुक्रवारी पाचच्या आत त्याने येऊन सगळ्यांसमोर सही करायची. आला नाही तर पाकीट बाद. आणि मग ती कुणी केली याची चौकशी होणार. बापाचं मत चोरणं म्हणजे पोरखेळ नाही, कॅरा. तुरुंग असतो त्याला."

कॅराने मागे वळून अंधाऱ्या खोलीकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला.

"सगळ्यांसमोर?"

"कायदा आहे."

"तुम्ही त्यांचे मित्र ना?"

"म्हणून तर आलोय."

"मग देवाने शत्रूच द्यावेत," ती म्हणाली आणि दार लावलं.

*

डॅरलीन दोरीवरच्या चादरी काढत होती. हवा तशी बरी होती, पण शेजारच्या वेगनरांकडे कुणीतरी पिंप पेटवलं होतं आणि धूर ऐन दोरीवर उतरला होता. चव्वेचाळीस वर्षं ती ऑर्लोची बायको होती, आणि तितकीच वर्षं चादरी हुंगून घडी घालायची तिची सवय होती. हुंगून एखादी परत टोपलीत टाकायची, पुन्हा धुवायला. त्याबद्दल ती कधी बोलली नव्हती, आणि ऑर्लोने कधी विचारलं नव्हतं.

त्याने तिला सगळं सांगितलं. खण, अकरा पाकिटं, भिंग, झुरळ. सांगता सांगता त्याने चादरीचं दुसरं टोक धरलं.

"म्हणजे आता लायलचं एकट्याचंच उरलं?" तिने विचारलं.

"एक बिनसहीचं आहे. कुणी वेंधळा असेल. तो यायचा नाही."

"आणि खणातली अकरा?"

"ती उघडायला लावली ना मी."

"फळ्यावर किती म्हणालास?"

"एकशे अठ्ठ्याऐंशी, एकशे अठ्ठ्याऐंशी."

डॅरलीनने चादरीची घडी घातली. घडीवर घडी, हातरुमालाएवढी होईपर्यंत.

"मग शुक्रवारी लायलचं उघडलं की फळ्यावर एक आकडा बदलेल," ती म्हणाली. "कुठला बदलला ते आख्खं गाव बघेल."

"तर काय झालं? लायल आपल्याच बाजूचा..."

सोबत म्हणजे काय, ते ऑर्लोला आत्ता कळलं. एकोणीस वर्षं फ्रिडा ती पाकिटं मागे ठेवत होती, त्यांत मिसळल्यावर कुणाचं कुठलं ते कुणाला कळू नये म्हणून. आणि त्याने शेवटचं पाकीटसुद्धा राहू दिलं नव्हतं.

"मला काय माहीत!" तो म्हणाला. "तिने नीट सांगायचं ना."

"सांगितलं असतं तर तुझा विश्वास बसला असता?"

तिने टोपली कमरेवर घेतली आणि घरात गेली. ॲप्रनच्या खिशातून एक लांबट लिफाफा डोकावत होता, कचेरीकडून येतात तसा. ऑर्लोच्या डोळ्यांना तो दिसला. पण त्या घडीला ऑर्लो आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःवर संशय घेण्यात गुंतला होता आणि दुसऱ्या कुणासाठी त्याच्याकडे संशय शिल्लक नव्हता.

*

शुक्रवारी चारपासूनच माणसं कचेरीत जमायला लागली. ती पूर्वीची आगीच्या बंबाची शेड, त्यामुळे बसायला जागा नव्हती. जो तो भिंतीला टेकून उभा होता. कुणी सरळ सांगत नव्हतं, पण सगळे लायल पेडिगोचं मत बघायला आले होते. बेकरीवाला तर दुकान बंद करून आला होता.

ऑर्लो निरीक्षकाच्या खुर्चीत बसला होता आणि त्याचं लक्ष घड्याळाकडे होतं. लायल न येवो, असं त्याला वाटत होतं. न आला तर बरोबरी, पिंप वाचलं. आणि न आला तर कॅरा चोर ठरली. आला तर... त्यापुढे तो विचार करत नव्हता.

चार चाळीसला लायल आला. कॅराच्या हातावर हात ठेवून नाही. एकटा, काठीशिवाय, इस्त्रीचा शर्ट घालून. दोन्ही हात पँटच्या खिशात.

"ऑर्लो," तो म्हणाला.

"लायल."

"कुठे करायची?"

फ्रिडाने कागद आणि पेन पुढे ठेवलं. लायलने उजवा हात खिशातून काढला, आणि खोलीतली कुजबुज थांबली. हात पानासारखा हलत होता. त्याने पेन उचललं, ते टेबलावर पडलं. पुन्हा उचललं. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं आणि जीभ दातांत धरून, पहिलीतल्या पोरासारखा, तो नाव काढायला लागला. बेकरीवाला खिडकीबाहेर बघायला लागला. समोर त्याचीच पाटी होती, म्हणून त्याने नजर जमिनीवर आणली.

बराच वेळ लागला. अखेर कागदावर तेच झुरळ उतरलं, शेपटीसकट. भिंग लावायची गरज नव्हती.

"हरकत मागे घेतो," ऑर्लो म्हणाला. त्याचा आवाज फक्त फ्रिडाला ऐकू गेला.

"मोठ्याने."

"हरकत मागे घेतो!"

फ्रिडाने पाकीट हातात घेतलं, पण उघडलं नाही. "लायल, हे एकटंच आहे. तू नको म्हणालास तर मी उघडणार नाही. तो तुझा हक्क आहे."

लायलने हात परत खिशात घातला होता. त्याने भिंतीकडेच्या माणसांवरून सावकाश नजर फिरवली. त्यातल्या प्रत्येकाच्या दारावर नाही तर गाडीवर त्याचं अक्षर होतं.

"बायको, रूथ, गेली तोवर तिलाही मी कधी सांगितलं नाही कुणाला मत दिलं ते," तो म्हणाला. "मत माझं, तोंडही माझं. पण मत फुकट घालवायला मी शिकलो नाही, फ्रिडा. उघड."

"थांब गं," दारातून आवाज आला.

डॅरलीन आत आली. ॲप्रन तसंच होतं, हाताला पीठ. तिने खिशातून लांबट लिफाफा काढून टेबलावर ठेवला.

"माझी सही राहिली होती म्हणे. तुझं पत्र आलंय."

"तुझी?" ऑर्लो उठून उभा राहिला. "ते बिनसहीचं तुझं?"

"वेंधळी आहे मी," डॅरलीन म्हणाली. "पेन दे."

"पण तू बोलली नाहीस मला!"

"तू मतपेटीसमोर तीन दिवस बसला होतास. मी दोनदा तुझ्यासमोरून गेले. तुझं लक्ष मांजराकडे."

कुणीतरी हसलं आणि मग सगळेच हसले; लायलसुद्धा. डॅरलीनने सही केली. तिची सही नेहमीसारखीच होती, गोल आणि ठाम. घड्याळात पाचला सात मिनिटं कमी होती.

फ्रिडाने दोन्ही पाकिटं फोडली, आतली कोरी, बिननावाची छोटी पाकिटं बाहेर काढली आणि टेबलावरचा बिस्किटांचा पत्र्याचा डबा रिकामा करून त्यात टाकली. झाकण लावून तिने डबा ऑर्लोपुढे धरला.

"तू हलव. म्हणजे कुणाच्या मनात शंका राहायला नको."

ऑर्लोने डबा घेतला आणि हलवायला लागला. खूप वेळ हलवला. कॉनी "पुरे" म्हणाली तरी हलवत राहिला. शेवटी फ्रिडाने तो त्याच्या हातातून काढून घेतला.

पहिली चिठ्ठी बंदीच्या बाजूने निघाली.

दुसरी विरुद्ध.

फ्रिडाने फळ्यावरचे दोन्ही आकडे पुसले आणि दोन्हीकडे एकशे एकोणनव्वद लिहिलं. बंदी बारगळली. ऑर्लोच्या बाजूच्या माणसांनी आरोळी ठोकली, कुणीतरी त्याच्या पाठीत धपका घातला. तो खाली बसला. दारातून लायल आणि डॅरलीन बाहेर पडत होते, बेकरीत मक्याचा पाव राहिलाय का याबद्दल काहीतरी बोलत. दोघांच्याही तोंडावर काही दिसत नव्हतं.

*

संध्याकाळी, उजेड असतानाच, डॅरलीनने कचऱ्याची पिशवी त्याच्या हातात दिली.

"घे. पेटव जा. जिंकलास ना."

तो परसात आला. पिंप बापाच्या वेळचं, गंजून तांबडं झालेलं. कुंपणापलीकडे पेडिगोंच्या घराची एक खिडकी होती. इतकी वर्षं ती तिथेच होती. काच बंद होती आणि आत पडद्याच्या फटीतून वाफेच्या यंत्राचा हिरवा दिवा दिसत होता. अलीकडे दोरीवर बुधवारच्या चादरी पुन्हा धुऊन वाळत घातलेल्या.

पाऊल वाजलं. लायल कुंपणाशी आला होता, हात खिशात.

"पाट्यांवर चिकटपट्टी लावलेली तुला ओळखू आली होती का रे?"

"आली होती."

"तरी बोलला नाहीस."

"परवापर्यंत बघितलंच नव्हतं," ऑर्लो म्हणाला. मग जरा थांबून, "उद्या कॅफेत ये. सहाला. कप मी धरीन."

"तू धरलास तर माझ्यापेक्षा जास्त सांडेल," लायल म्हणाला आणि आत गेला.

ऑर्लोने पिशवी पिंपात टाकली. काडी काढली. त्या दोघांतल्या एकाने बंदीला मत दिलं होतं. चव्वेचाळीस वर्षांची बायको किंवा पन्नास वर्षांचा मित्र. डबा त्याने स्वतः हलवला होता. जगात कुणाला कळायला जागा नव्हती, आणि तशी जागा राहू नये म्हणूनच तो जीव खाऊन हलवत होता. त्याने खिडकीकडे पाहिलं. चादरींकडे पाहिलं. मग बोट ओलं करून डोक्यावर उंच धरलं.

स्वयंपाकघराची खिडकी उघडली.

"पेटवलंस का?" डॅरलीनने विचारलं.

"वारा बघतोय."

"कुठल्या दिशेचा हवाय तुला?"

तो बोट तसंच वर धरून उभा राहिला. डॅरलीनने खिडकी लावून घेतली. दोरीवरची चादर हलत नव्हती, कुंपणावरचं गवत हलत नव्हतं. वारा मुळीच नव्हता.